अकाउंट लॉक, ओटीपी आणि भाड्याचा क्लाउड फोन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार. मी इचलकरंजीत राहते, घरूनच साड्या आणि ड्रेस मटेरियल विकते. इन्स्टावर माझी चार अकाउंट आहेत, तीन धंद्याची आणि एक माझं स्वतःचं. त्यातलं साड्यांचं अकाउंट ऐन लग्नसराईत दोनदा लॉक झालं. आता एकजण म्हणतोय की एकाच फोनवरून चार अकाउंट चालवता म्हणून असं होतं, महिन्याचं भाडं भरून क्लाउड फोन घ्या, प्रत्येक अकाउंटला वेगळा फोन, वेगळा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), मग लॉक व्हायचा प्रश्नच नाही. खरंय का हे?

उत्तर : ताई, या कारणासाठी तरी घेऊ नका. आधी क्लाउड फोन म्हणजे काय ते बघू. कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर अँड्रॉइड चालू असतं आणि त्याची स्क्रीन तुम्हाला इंटरनेटवरून तुमच्या मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर दिसते, तुम्ही इथे बोट लावलं की तिकडे टॅप होतं. तंत्र चांगलंच आहे, अ‍ॅप बनवणारे लोक वेगवेगळ्या मॉडेलवर आपलं अ‍ॅप नीट चालतंय का हे अशाच पद्धतीने तपासतात, आपल्या मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेली ब्राउझरस्टॅक याच कामात मोठी झाली, फक्त तिथे डेटा सेंटरमध्ये खरेखुरे फोन ठेवलेले असतात. म्हणजे वस्तू वाईट नाही, तुम्हाला ती ज्या कामासाठी विकली जातेय ते काम तिचं नाही.

आता तो आयएमईआयचा मुद्दा. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, प्ले स्टोअरवरून घेतलेल्या साध्या अ‍ॅपला फोनचा आयएमईआय वाचताच येत नाही. मग वेगळा आयएमईआय देतो म्हणून जे पैसे मागतायत ते कशाचे? इन्स्टाला तो दिसतच नसेल तर तो वेगळा असून उपयोग काय.

उलट अ‍ॅपला दुसरं बरंच काही दिसू शकतं. तुमचा खरा फोन हातात असतो तेव्हा तो हलतो, तिरका होतो, बॅटरी सकाळी ९० वरून संध्याकाळी २० वर येते, नेटवर्क कधी घरचं वायफाय तर कधी जिओ-एअरटेल. सर्व्हरवरच्या फोनला यातलं काही आपोआप होत नाही, जे दाखवायचं ते सॉफ्टवेअरने खोटं दाखवावं लागतं. आयपी अ‍ॅड्रेस (कनेक्शनचा इंटरनेटवरचा पत्ता) कुठल्या कंपनीच्या नावावर नोंदलाय ही माहिती तर सगळ्यांना खुली असते, त्यामुळे हे घरचं कनेक्शन नाही, डेटा सेंटर आहे हे लगेच कळतं. शिवाय गुगलची प्ले इंटिग्रिटी नावाची सोय आहे, तिच्यातून कुठलंही अ‍ॅप विचारू शकतं की हा फोन खरा, प्रमाणित अँड्रॉइड आहे का, आणि सर्व्हरवरचे आभासी फोन बहुतेक वेळा तिथे नापास होतात.

म्हणजे होतं काय बघा. सकाळी दहाला तुम्ही इचलकरंजीतून स्वतःच्या फोनवरून साडीचा फोटो टाकला आणि सव्वादहाला तेच अकाउंट सिंगापूरच्या सर्व्हरवरून उघडलं, तर समोर नकाशा येणार, खाली ते लांबचं शहर आणि प्रश्न, हे लॉगिन तुम्हीच केलं का. दोन-तीनदा असं झालं की सेल्फी व्हिडिओ मागतील, नाहीतर पासवर्ड बदलायला लावतील. लॉक टाळायला गेलात आणि तेच लॉकचं कारण झालं.

आणि एका फोनवर चार अकाउंट हा गुन्हा नाहीच हो. इन्स्टाच्या अ‍ॅपमध्येच पाच अकाउंट जोडून अदलाबदल करायची सोय कंपनीने स्वतः दिलीय. एकाच इंटरनेटवरून चार अकाउंट चालतात ही भीतीही घालतात, पण मोबाइल डेटावर तर एकेका आयपीमागे कितीतरी गिऱ्हाइकं असतात, तेवढ्यावरून लॉक करायचं म्हटलं तर निम्मा महाराष्ट्र लॉक होईल.

मग लॉक का झालं? कंपन्या नेमका हिशोब सांगत नाहीत पण जी कारणं वारंवार समोर येतात ती तुमच्याकडे आहेत का बघा. चारही अकाउंटवरून एकच मजकूर, 'प्राइससाठी डीएम करा' वगैरे, पाच-दहा मिनिटांत धडाधड पन्नास ठिकाणी चिकटवला का? फॉलोअर वाढवून देणाऱ्या कुठल्या अ‍ॅपला इन्स्टाचा पासवर्ड दिलाय का? दिला असेल तर आजच पासवर्ड बदला आणि सेटिंगमध्ये जाऊन ते अ‍ॅप काढून टाका, माझ्या मते छोट्या धंदेवाल्यांचं सगळ्यात जास्त नुकसान या अ‍ॅप्सनी केलंय. आणखी एक, हे कुणाच्या लक्षातच येत नाही, अकाउंटवर जन्मतारीख काय टाकलीय? दुकान २०१६ ला सुरू झालं म्हणून बरेच जण तिथे २०१६ टाकतात, झालं, सिस्टिमच्या दृष्टीने तुम्ही तेरा वर्षांच्या आतल्या आणि अकाउंट बंद. धंद्याचं अकाउंट असलं तरी तारीख चालवणाऱ्या माणसाचीच टाकायची असते.

आता भाड्याचे पैसे वाचले, त्यात अर्धा तास घालवा. इन्स्टाच्या सेटिंगमधलं अकाउंट्स सेंटर उघडा, पासवर्ड आणि सुरक्षा, मग टू-फॅक्टर (पासवर्डनंतरची दुसरी तपासणी), तिथे साड्यांचं अकाउंट निवडा, आतमध्ये अतिरिक्त पद्धती असं काहीतरी दिसेल, त्यात बॅकअप कोड असतात, ओटीपी मिळत नसेल तेव्हा लॉगिनला वापरायचे. ते कोड कागदावर लिहून कपाटात जिथे घरची कागदपत्रं ठेवता तिथे ठेवा. स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवू नका, फोन गेला की कोडही गेले. चारही अकाउंटचं असंच करा, आणि चारहीला जो ईमेल दिलाय तो तुम्हाला आजही उघडता येतो का हे एकदा उघडून बघा.

प्रश्न : मी पुण्यात सोशल मीडिया हँडल करतो, दहा-बारा क्लायंट आहेत, हॉटेलवाले, क्लासवाले, एक डॉक्टर. सगळ्यांचे पासवर्ड माझ्याकडे आहेत आणि सारखे ओटीपी मागायला फोन करावा लागतो, क्लायंटही वैतागतात. प्रत्येकाला एक क्लाउड फोन करून टाकला आणि त्यात कायमचं लॉगिन ठेवलं तर?

उत्तर : तुमची अडचण खरी आहे, पण तिचं मूळ पासवर्ड तुमच्याकडे असण्यात आहे. ते असायलाच नको होते. फेसबुक पेज आणि त्याला जोडलेलं इन्स्टाचं प्रोफेशनल अकाउंट मेटा बिझनेस सूटमधून (फेसबुक-इन्स्टाच्या मेटा कंपनीचीच सोय) चालवता येतं. क्लायंटने स्वतःच्या अकाउंटवरून तुम्हाला अ‍ॅक्सेस द्यायचा, तुम्ही स्वतःच्या अकाउंटने स्वतःच्या फोनवरून काम करायचं, पोस्ट शेड्यूल करा, मेसेजला उत्तर द्या, जाहिराती लावा. ओटीपीचा संबंधच उरत नाही. काम सुटलं की क्लायंट अ‍ॅक्सेस काढून घेतो, भांडण नाही, पासवर्ड बदलाबदली नाही.

क्लाउड फोनमध्ये कायमचं लॉगिन ठेवणं म्हणजे काय तेही समजून घ्या. ते मशीन तुमचं नाही, सर्व्हरवाल्याचं आहे, त्यात क्लायंटचं लॉगिन, त्याच्या गिऱ्हाइकांचे मेसेज, डॉक्टरसाहेबांच्या पेशंटनी पाठवलेले रिपोर्टचे फोटोसुद्धा पडून राहणार. भाडं भरायचं राहिलं आणि कंपनीने तो फोन पुसून टाकला तर त्यात ठेवलेलं, लॉगिनचे कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅपही पुसलं जाणार, मग दहा क्लायंटना काय सांगणार? क्लायंटच्या परवानगीने एखादं अ‍ॅप वेगळ्या फोनवर कसं दिसतं हे बघायला घ्यायचा असेल तर जरूर घ्या, खरं अकाउंट त्यात टाकू नका.

काही क्लायंट ऐकत नाहीत, पासवर्डच घ्या म्हणतात. त्यांच्यासमोर बसून दहा मिनिटांत अ‍ॅक्सेस जोडून द्या, एकदा करून दाखवलं की पटतं.

प्रश्न : आम्ही मस्कतला असतो. भारतातली सिम रिचार्ज न केल्याने बंद पडली. फेसबुक आणि जीमेल दोन्हीला तोच नंबर आहे, आणि आमच्या इथल्या मराठी मंडळाचं पेजही माझ्याच अकाउंटवर आहे. अजून लॉगिन आहे पण फोन बदलायचाय. भारतातला क्लाउड फोन घेतला तर तिथे ओटीपी येईल का?

उत्तर : नाही येणार. ओटीपी सिमवर येतो, फोनवर नाही, आणि क्लाउड फोनमध्ये तुमची सिम नसते. एक गोष्ट आधी सांगतो, जुना फोन अजिबात लॉगआउट करू नका, रिसेट करू नका, विकू नका. तोच सध्या तुमचा एकमेव दरवाजा आहे.

त्या फोनवरूनच आधी जीमेलमध्ये जा, ओमानचा नंबर जोडा, जुना काढा, मग गुगलचे बॅकअप कोड घ्या, आठ-आठ आकड्यांचे दहा कोड मिळतात. त्यानंतर फेसबुकला हेच, आणि दोन्हीकडे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा. ते अ‍ॅप सिमशिवाय, इंटरनेटशिवायही चालतं, दर तीस सेकंदांनी नवीन कोड फोनमध्येच तयार होतो, फक्त फोनचं घड्याळ बरोबर पाहिजे. हे सगळं झालं, नव्या फोनवर लॉगिन करून बघितलं की मग जुना फोन सोडा.

घाई करा असं म्हणतोय त्याला कारण आहे. भारतात बंद झालेला नंबर निदान ९० दिवस कुणाला देत नाहीत, पण त्यानंतर तो दुसऱ्या माणसाला जाऊ शकतो, आणि मग तुमच्या फेसबुकचा ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या फोनवर वाजणार. तुमच्यासारखे कितीतरी लोक आखातात, अमेरिकेत, सिंगापुरात आहेत, सगळ्यांना सांगणं आहे की सिम चालू ठेवायची असेल तर किमान रिचार्ज करत राहा आणि ठेवायची नसेल तर नंबर बंद पडायच्या आधी सगळीकडून काढा, बँकेतून सुद्धा.

मंडळाच्या पेजवर आजच आणखी दोघांना पूर्ण अ‍ॅक्सेस द्या. गणपतीचे, दिवाळी पहाटेचे फोटो, सभासदांचे मेसेज असं सगळं एका माणसाच्या लॉगिनवर ठेवणं बरोबर नाही, उद्या तुम्ही आजारी पडलात तर पेज कोण चालवणार.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपसाठी क्लाउड फोन आणि ऑनलाइन भाड्याने मिळणारा नंबर वापरला तर चालेल का? स्वतःचा नंबर गिऱ्हाइकांना द्यायचा नाही. (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : नको. भाड्याचा नंबर तुमच्या नावावर नसतो, उद्या तो दुसऱ्याला दिला की त्याने ओटीपी टाकला आणि तुमचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्याकडे गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर दूरसंचार विभागाने मेसेजिंग कंपन्यांना आदेश दिला की ज्या नंबरवर अ‍ॅप चालू केलं ती सिम फोनमध्ये असेल तरच अ‍ॅप चाललं पाहिजे, म्हणजे सरकारचा रोख कुठे आहे ते दिसतंय. स्वतःच्या नावावर दुसरी सिम घ्या, एका माणसाला नऊपर्यंत घेता येतात, आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस लावा. साधं व्हॉट्सअ‍ॅप आणि बिझनेस दोन्ही एकाच फोनवर सुखाने चालतात. सहा आकडी पिन लावा आणि त्याला ईमेल जोडा, ईमेल नसेल आणि पिन विसरलात तर सात दिवस थांबावं लागतं. आपल्या नावावर किती सिम आहेत हे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं, तेही एकदा बघून घ्या.

प्रश्न : माझ्या मुलीचं इन्स्टा अकाउंट सस्पेंड झालंय, ती भरतनाट्यमचे व्हिडिओ टाकते, चूक काहीच नाही. एकजण सात हजारात परत आणून देतो म्हणतोय. द्यावेत का?

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. कंपनीच्या आतलं अकाउंट बाहेरचा माणूस परत आणू शकत नाही, तो फार तर तुम्ही फुकट भरता तोच फॉर्म भरणार, नाहीतर पासवर्ड आणि ओटीपी मागून उरलंसुरलं घेऊन जाणार. आधीच दिले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

लॉगिन केल्यावर निर्णय मान्य नाही असा पर्याय दिसतो, तिथून अपील करा. त्यासाठी १८० दिवस असतात, ते गेले की अकाउंट कायमचं जातं, म्हणून बघू-करू म्हणत बसू नका. सेल्फी व्हिडिओ मागितला तर दिवसा, खिडकीसमोर, मुलीने स्वतः काढायचा, मेकअप आणि दागिने उतरवून. अकाउंटवरचे सगळे फोटो नाचाच्या पूर्ण वेशातले असतील तर चेहरा जुळायला अवघड जातं, म्हणून अकाउंट परत मिळाल्यावर दोन-चार साधे फोटोही टाकून ठेवा.

तिथे काही झालं नाही तर पुढचा रस्ता कायद्याने दिलाय आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे प्रत्येक मोठ्या सोशल मीडिया कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. त्याच्या उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं, या समित्या २०२३ पासून काम करतायत, सगळं ऑनलाइन आहे, वकील लागत नाही. अर्जासोबत सस्पेंड झाल्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट, तारीख, युजरनेम, अपील केल्याचा पुरावा आणि अधिकाऱ्याचं उत्तर जोडा. मुलगी अठराच्या आतली असेल तर अर्ज आई किंवा वडील म्हणून तुम्ही करा, आणि अकाउंटवर तिची जन्मतारीख खरी आहे का ते अर्ज करायच्या आधी तपासा.