हलगी-ताशा वाजवणाऱ्या मुलांना शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम, बास ड्रम, झांज कशी शिकवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूर भागातली शाळा, सातवी-आठवीची वीसेक मुलं, १५ ऑगस्टला संचलन. निम्मी मुलं गावात हलगी, ताशा वाजवतात, तरी चालायला लागली की वेग वाढत जातो. सुरुवात कुठून करावी?

पायांपासून करा. पहिला आठवडा ड्रम कपाटातच राहू द्या. कदमताल सुरू ठेवून डाव्या पायावर टाळी, मग दोन्ही पायांवर, मग तोंडानं बोल म्हणत. उजव्या काठीला ‘उ’, डाव्या काठीला ‘डा’. आपल्याकडे मराठी आणि कन्नड माध्यमाची मुलं एकाच मैदानावर असतात. एक-दोन म्हणायचं की ओंदु-एरडु, हा गोंधळही त्यामुळे मिटतो.

वेग का चढतो, तर मिरवणुकीत तो चढवायचाच असतो. हलगीची मजाच त्यात आहे, त्यामुळे मुलांना रागावण्यात अर्थ नाही. मोबाइलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक वेगानं टिकटिक करणारं, ॲप घ्या, मिनिटाला ८८ ठोक्यांवर सुरू करा आणि जुलैअखेर १०८ ते ११२ वर आणून थांबा. लष्करी तेज चाल मिनिटाला साधारण १२० पावलांची. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे पालकांच्या डोळ्यांसमोर तोच रुबाब असतो. पण सातवीचं पोर, आखूड पाऊल आणि गळ्यात ड्रम, हे १२० ला पळायलाच लागतं.

रोजचा एक सराव मात्र चुकवू नका: आठ पावलं वाजवायचं, आठ पावलं काठ्या वर धरून नुसतं चालायचं, आणि पुन्हा नेमक्या पहिल्या पावलावर वाजवायचं. घाई करणारं मूल या रिकाम्या आठ पावलांत लगेच सापडतं. वाजवताना ते गोंगाटात लपून जातं.

आता हात. हलगीवाल्या मुलाचा एक हात तयार असतो, दुसरा नाही. हलगीत डावा हात कडं धरतो आणि बोटांनी लांब बारीक काडी मारतो. मनगट वापरतच नाही. साइड ड्रमवर हा डावा ठोका बारीक ऐकू येतो आणि उशिरा पडतो. म्हणून आठ ‘डा’, आठ ‘उ’, मग सोळा ‘उडा’, हे सावकाश, रोज दहा मिनिटं. काठीचं टोक दोन्हीकडे सारखं उचललं पाहिजे: हळू वाजवताना चार बोटं, जोरात वाजवताना वीतभर. काठी जाड टोकाकडून साधारण एक तृतीयांशावर अंगठा आणि तर्जनीच्या चिमट्यात धरायची, बाकीची बोटं सैल. ठोक्यानंतर काठी आपसूक उसळली पाहिजे. आवाज ‘थप्’ असा बसका आला तर मूल काठी दाबून धरतंय. डावा तळवा वर करून धरायची लष्करी पकड दिसते छान, पण अडीच महिन्यांत तिच्या नादी लागू नका. दोन्ही हातांची पकड सारखीच ठेवा.

सरावाला ड्रम लागत नाही. फूटभर प्लायवूडवर जुन्या ट्यूबचं रबर ताणून चिकटवलं की झालं. बाकावर वाजवून चालत नाही, काठी नीट उसळत नाही. वर्गात असं रबरच, ड्रम फक्त मैदानावर. बंद खोलीत आठ ड्रम कानाला वाईट.

पहिला ठेका चार पावलांचा: ‘उ, उ, उडा, उ’. ओळीनं एकाआड एक हात घेतले तर पाच ठोके होतात आणि पुढच्या आवर्तनाला डावा हात पुढे येतो. नवखी मुलं तिथं अडखळतात. प्रत्येक पावलाला उजवा हात ठेवला तर सगळ्यांच्या काठ्या एकसारख्या दिसतात, डावा फक्त मधली जागा भरतो.

वीस मुलांत साइड ड्रम आठ, झांजांच्या जोड्या दोन, बास ड्रम एकच. दोन बास ड्रम म्हणजे दोन पुढारी. तो सगळ्यांत जोरात मारणाऱ्याला न देता सगळ्यांत स्थिर चालणाऱ्याला द्या. डाव्या पायावर ठसठशीत, उजव्यावर हलका. ठोका मध्याच्या जरा बाजूला, दुसऱ्या बाजूच्या पानावर, म्हणजे ताणलेल्या पडद्यावर, डावा तळवा टेकवून घुमणं आवरायचं.

झांजा समोरासमोर बरोबर जुळवून आपटल्या तर आत हवा कोंडते आणि ‘फस्’ होतं. एक थाळी किंचित खाली ठेवून कडेला कड आधी लागू द्यायची. आवाज तोडायला दोन्ही पोटाशी ओढायच्या. पट्ट्याची गाठ दर वेळी तपासा, ती सुटली तर थाळी पुढच्याच्या पायावर.

पावसाचं वेगळं सांगतो. चामड्याची पानं असतील तर दमट हवेत ती ढिली पडतात. मग कोणीतरी चावी मारून कसतो, ऊन पडलं की पान तडकतं. वाजवून झालं की ताण उतरवून ठेवा. प्लास्टिकच्या पानांना हा त्रास फारसा नाही, पण स्क्रू गंजतात. शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरतो. ताणताना एक स्क्रू, मग त्याच्या समोरचा, दर वेळी पाव फेरा. एकाच बाजूनं पिळत गेलात तर कडं वाकतं. साइड ड्रमच्या खालच्या पानाला टेकलेल्या तारा फार आवळल्या तर आवाज गुदमरतो. किरकिरणं थांबेल इतक्याच आवळा.

शेवटचा गोंधळ संचलनाच्या दिवशीच कळतो: मागची रांग बँडच्या मागं पडते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवरच्या मुलाला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा पोचतो. ११० च्या चालीत हे जवळजवळ पावलाचा पाचवा हिस्सा. बँड टोकाला न ठेवता रांगांच्या मध्यावर, बाजूला उभा करा, आणि मागच्या मुलांना कानानं नाही, पुढच्याच्या टाचेकडं बघून चालायला लावा. निदान दोन सराव पूर्ण रांगांसह मैदानावर घ्या, नुसत्या बँडचे नकोत.