पहिला स्टोव्ह घेताना

ट्रेकिंग-कॅम्पिंगसाठी पहिलाच स्टोव्ह असेल तर थेट गॅसच्या डब्यावर फिरवून बसवायचा छोटा गॅस स्टोव्ह घ्या. वजनाला 100 ग्रॅमच्या आसपास, पंप मारणं नाही, ज्योत हवी तशी कमी-जास्त होते. पेट्रोलवर चालणारे स्टोव्ह आणि बर्फातला स्वयंपाक यांचा विचार सध्या नकोच.

डबा घेताना त्यावरचं मिश्रण वाचा. ब्यूटेन शून्य अंशाच्या जवळपास वायू व्हायचं थांबतं, म्हणून थंडीत नुसत्या ब्यूटेनचा स्टोव्ह रडतो. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या.

स्पिरिटचा स्टोव्ह हलका नि स्वस्त, पण त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. विझला असं समजून त्यात पुन्हा स्पिरिट ओतणं ही फार धोकादायक चूक. पूर्ण गार होईपर्यंत थांबा.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- तंबूच्या आत पेटवणं. आगीइतकीच भीती कार्बन मोनॉक्साइडची. त्याला वास नसतो. पाऊस असला तरी बाहेरच.
- डब्यावर बसणाऱ्या स्टोव्हला चहूबाजूंनी वारा अडवणारा आडोसा लावणं. डबा तापून फुटू शकतो. आडोसा फक्त वाऱ्याच्या बाजूला, आणि डब्याला अधूनमधून हात लावून बघा.
- झाकण न ठेवता पाणी उकळणं. गॅस फुकट जातो.
- अरुंद स्टोव्हवर मोठं भांडं. कलंडलं की उकळतं पाणी पायावर.

निघण्याआधी घराबाहेर मोकळ्यावर एकदा पाणी उकळून बघा. आधी आणि नंतर डब्याचं वजन करा. किती गॅस लागतो ते तुमचं तुम्हालाच कळेल. आणि विमानाने जाणार असाल तर डबा पोहोचल्यावरच विकत घ्या, सामानात नेता येत नाही.