आदिवासी संस्कृतीवरची टपाल तिकिटं जमवायची आहेत, सुरुवात कशी करू?

१९८१ च्या संचापासून करा. टपाल खात्याने त्या वर्षी भारतातील जमातींवर चार तिकिटं काढली: भिल्ल, दंडामी माडिया, तोडा आणि खियामनिंगन नागा. प्रत्येकी एक रुपयाची. मग माणसांकडे वळा: बिरसा मुंडा आणि राणी दुर्गावती, दोन्ही १९८८ ची, पुढे नागा स्वातंत्र्यसैनिक राणी गाइदिन्ल्यू १९९६, संथाळ उठावाचे नेते सिदो-कान्हू २००२.

मी नांदेड जिल्ह्यातल्या किनवटचा. आमच्याकडं गोंड, कोलाम, आंध शेजारीपाजारीच राहतात, त्यामुळं राणी दुर्गावतीचं तिकीट माझ्या वहीत पहिल्या पानावर. ती गोंडवानाची राणी ना!

नवी तिकिटं हवी असतील तर मोठ्या टपाल कार्यालयात फिलाटेली (तिकीटसंग्रह) ठेव खातं उघडा, २०० रुपयांपासून उघडतं. तिकिटं घरपोच येतात.

पाकिटावरचं जुनं तिकीट कधीच ओढून काढू नका. भोवतीचा कागद कापून कोमट पाण्यात ठेवा, डिंक सुटला की ते आपोआप वेगळं होतं. वाळवायला पांढरा टिपकागद घ्या. मी एकदा ओलं तिकीट वर्तमानपत्रावर पालथं घातलं आणि बिरसांच्या कपाळावर बाजारभावाची शाई उमटली! ते मी टाकलं नाही, पण दाखवतही नाही कुणाला.

आणि हो, चिमट्यानंच उचला. आपल्याकडच्या मे महिन्यात बोटांना घाम असतोच.