दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर टाक्यातून पाणी येतंय, टीबीच्या गोळ्या सुरू कराव्यात का?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला आईंचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं, टाके छान भरले, आणि पाचव्या आठवड्यात बेंबीजवळ गाठ येऊन वाहू लागली. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, फरक नाही. आता पुवात टीबीसारखे जंतू दिसले म्हणून टीबीच्या गोळ्या लिहून दिल्यात, त्या अजून सुरू केलेल्या नाहीत. आधी पू कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला पाठवा, आणि तोही सांगून-सवरून. हे टीबीचं नसून टीबीच्या जंतूच्या भाऊबंदांचं काम असू शकतं. का, ते सांगते.

मी डॉक्टर नाही. बडोद्याच्या एका लॅबमध्ये 21 वर्षं जंतूंच्या टेबलावर काम करते. माझ्या धाकट्या जावेला नेमकं हेच झालं होतं. दांडिया बाजारातल्या घरी तिचं ड्रेसिंग मीच बदलायचे. पू म्हणावा असा पू नव्हताच, पेजेच्या निवळीसारखं पातळ पिवळट पाणी. ताप नाही, फारसं दुखणं नाही. भोवतालची कातडी जांभळट आणि बोटाने दाबलं की आत हरभऱ्याएवढी कडक गाठ. आठ दिवस सुकायचं, सगळ्यांना हायसं वाटायचं, आणि मग एके सकाळी परकराची नाडी पुन्हा ओली.

तिचे दोन रिपोर्ट ‘वाढ नाही’ असे आले. त्यातला एक मी काम करते त्याच लॅबचा होता, हे मला आजही लागतं. साध्या पुवाच्या प्लेट, म्हणजे जंतू वाढवायच्या बशा, आम्ही 48 तासांनी टाकून देतो, कारण नेहमीचे जंतू तेवढ्यात उगवतात. हे भाऊबंद जंतू सावकाश येतात, तिसऱ्या ते सातव्या दिवशी. तिसऱ्या खेपेला मी प्लेट राखून ठेवली. चौथ्या दिवशी उजेडात तिरकी धरली तर रक्ताच्या आगरवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) खसखशीहून बारीक पांढुरके ठिपके. ग्राम स्टेनमध्ये, म्हणजे जंतू बघायच्या नेहमीच्या रंगात, हे जंतू धड रंग घेत नाहीत. घाईत बघणारा ‘कातडीवरचे असतील’ म्हणून सोडून देतो. झील-नील्सनने, म्हणजे टीबीसाठी वापरतात त्या रंगाने, रंगवले तेव्हा निळ्यावर लाल काड्या दिसल्या. मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम निघाला.

टीबीच्या जंतूचा हा भाऊबंद. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे सारखेच लाल दिसतात, त्यामुळे नुसत्या लाल काड्यांवरून टीबी म्हणता येत नाही. या गटातले फॉर्च्युइटम, चेलोनी आणि अ‍ॅबसेसस हे तिघे टाक्यात नेहमी सापडतात, आणि टीबीच्या चार औषधांना ते दाद देत नाहीत. म्हणजे सहा महिने आईंचं यकृत त्या गोळ्या सोसणार आणि जखम तशीच वाहणार. टाक्यात खरा टीबीही क्वचित होतो, म्हणून सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी तपासणी) जरूर करा. काड्या लाल आणि सीबीनॅट निगेटिव्ह आलं, तर संशय या भाऊबंदांवरच धरायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाठीचा तुकडा काढणार असतील तर तो दोन बाटल्यांत जायला हवा. एक फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या रसायनात), पॅथॉलॉजीसाठी. दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये, कल्चरसाठी. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग त्यातून काहीच उगवत नाही. असे तुकडे माझ्या टेबलावर आले की जीव तुटतो, कारण तोवर पेशंटच्या पोटावर पुन्हा चिरा पडलेला असतो. कापसाच्या काडीवर घेतलेला पूही पुरत नाही. सिरिंजने ओढून भरपूर द्यायला सांगा. आणि फॉर्मवर डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या: ‘टीबीखेरीजच्या मायकोबॅक्टेरियाचा संशय, प्लेट किमान सात दिवस ठेवा’. ही ओळ नसेल तर लॅबला कळायला मार्ग नाही.

औषध जंतूची जात आणि सेन्सिटिव्हिटी (कुठल्या औषधाने तो मरतो ते) पाहून ठरतं, आणि एकटं औषध देत नाहीत, जंतू त्याला सरावतो. जावेला पहिले काही आठवडे अमिकासिनची इंजेक्शनं होती (त्याने कानावर आणि किडनीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून मधून मधून तपासण्या), सोबत सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन, एकूण सहा महिने. शिवाय सर्जनने गाठ आणि वाहणारा मार्ग कापून काढला. हीच औषधं आईंना चालतील असं मात्र धरू नका. अ‍ॅबसेससवर सिप्रो बहुधा चालत नाही, आणि क्लॅरिथ्रोमायसिन आधी चालतंय असं वाटून पुढे फसू शकतं. त्याची तपासणी 14 दिवस ठेवून बघावी लागते.

हे आलं कुठून, असंही तुम्ही विचारलंय. बहुतेक वेळा पाण्यातून. हे जंतू मातीत आणि नळाच्या पाण्यात असतात, क्लोरीनलाही चिवट. आम्ही बडोद्याच्या आजवा तलावाचं पाणी पिऊन वाढलो. धडधाकट माणसाच्या पोटात असे जंतू गेले तर सहसा काही होत नाही, कातडीखाली शिरले की होतं. दुर्बिणीची हत्यारं सांध्यासांध्यांची, फटींत मळ राहतो. ती ग्लुटाराल्डिहाइडमध्ये (जंतुनाशक द्रवात) वीसेक मिनिटं बुडवून मग नळाच्या पाण्याने विसळली, तर केलेलं सगळं वाया. विसळायला निर्जंतुक पाणीच हवं. सर्जनशी भांडू नका, पण रिपोर्ट त्यांना नक्की दाखवा. त्याच सुमाराला त्याच हत्यारांनी ऑपरेशन झालेल्या दुसऱ्या कुणाचा टाका वाहत असेल, तर त्यांनाही शोधता येईल.

आणि हे माणसाकडून माणसाला लागत नाही. जाऊ दोन महिने स्वतःच्या लेकीला कुशीत घेत नव्हती, ताट-वाटीही वेगळी ठेवली होती, कुणी सांगितलंच नाही म्हणून. आईंना आजच सांगा.