पक्षाघातानंतर आजी फक्त अहिराणी बोलते, मराठी पुसली गेली का?
लगेच तसं समजू नका. सटाणा-मालेगावकडे अहिराणी चुलीपाशी आणि मराठी शाळेत शिकली जाते, पण मेंदूत त्यांचे दोन वेगळे कप्पे नसतात. बरंचसं जाळं सामाईकच. म्हणून पुष्कळांच्या दोन्ही भाषा बरोबरीनं परततात. एकच परतली, तर दुसरी शाबूत असूनही दबलेली असू शकते: भाषा निवडणारी यंत्रणा, म्हणजे कपाळामागचा भाग आणि खोलवरचं कॉडेट केंद्रक, दुखावलं की असं होतं. १८९५ मध्ये फ्रान्सचे डॉक्टर पित्र यांनी मांडलं, जास्त वापरातली भाषा आधी परतते. तिथलेच मानसशास्त्रज्ञ रिबो म्हणत, आधी शिकलेली. अपवाद दोन्हींना भरपूर. नाशिकला वाचा-उपचारतज्ज्ञांकडे न्याल तेव्हा दोन्ही भाषांत तपासणी करा, असा आग्रह धराच. आणि कृपा करून आजींना अहिराणीवरून टोकू नका, त्यांच्याशी अहिराणीतच भरपूर बोला.