‘थग’ला ‘ठग’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: एका अनुवादात 1857 सालच्या न्यूयॉर्कमधल्या टोळीवाल्यांना ‘ठग’ म्हटलंय. इंग्रजीत अशांना ‘थग’ म्हणतातच आणि तो शब्द तर आपल्याच भाषांतून तिकडे गेला. मग वाचताना खटकतं का?

खटकतं, आणि माझ्या मते खटकायलाच हवं. शब्द इथला खरा, पण तिकडे त्याचा स्वभाव पालटला.

संस्कृतात ‘स्थग्’ म्हणजे झाकणं, लपवणं. ‘ठग’ आणि ‘ठक’ त्याच कुळातले. ठकवणं, ठकबाजी, ठकसेन, ‘ठकास महाठक’ हे सगळे शब्द आठवून बघा. कुठेही हाणामारी नाही. गोड बोलणं आहे, डाव आहे. स्लीमनसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1830च्या दशकात वाटेवरच्या ठगांच्या हकिकती लिहून काढल्या. त्यांत खरं किती आणि फुगवलेलं किती, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण त्यांतलाही ठग आधी वाटसरूशी सलगी करतो, त्याच्या सोबतीनं चालतो, विश्वास कमावतो. गळा आवळणारा रुमाल शेवटी येतो. इंग्रजी वाचकांच्या मनात मात्र तो रुमालच राहिला आणि सलगी विसरली गेली.

अमेरिकेत पोचला तो हा अर्धा अर्थ. 1850च्या दशकात न्यू ऑर्लिन्समध्ये ‘नो-नथिंग’ या स्थलांतरितविरोधी पक्षाची माणसं मतदानाच्या वेळी मारझोड करून दहशत घालत. त्यांचे विरोधक त्यांना ‘थग’ म्हणत. बाल्टिमोरला याच पक्षाच्या बाजूनं उतरणाऱ्या एका टोळीचं नाव होतं ‘ब्लड टब्ज’. खाटकाकडचं रक्त पिंपात भरायचं आणि नको त्या मतदाराला त्यात बुचकळायचं, यावरून ते नाव पडलं. यात ठकवणं कुठे आलं? सगळा उघडउघड दांडगावा!

न्यूयॉर्कचंही तेच. 4 जुलै 1857 रोजी फाइव्ह पॉइंट्स वस्तीच्या आसपास ‘डेड रॅबिट्स’ आणि ‘बावरी बॉइज’ या दोन टोळ्या एकमेकांवर तुटून पडल्या. शहराचं जुनं पोलीसदल नुकतंच मोडीत निघालं होतं आणि नव्या ‘मेट्रोपॉलिटन’ दलाचा जम बसला नव्हता. दगडविटांचा मारा त्या नव्या पोलिसांवरही झाला. या माणसांना सरळ ‘गुंड’ म्हणावं. मला स्वतःला डेड रॅबिट्ससाठी ‘पुंड’ फार आवडेल. ‘पुंडपाळेगार’ या जुन्या जोडशब्दातला तो पुंड, वरच्या सत्तेला न जुमानणारा. ‘गँगस्टर’ मात्र टाळावं. 1857 साली तो शब्द इंग्रजीतही घडला नव्हता.

‘गँग’साठी ‘टोळी’ उत्तम. जाता जाता एक गंमत: ‘गँग’चा एक जुना अर्थ म्हणजे एकत्र काम करणाऱ्या माणसांचा ताफा. तो निरुपद्रवी अर्थ आपल्याकडे रुळांची निगा राखणाऱ्या गँगमननं अजून जपलाय.

आणि त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये ‘ठग’ म्हणावा असा माणूस हवाच असेल, तर तोही आहे. विल्यम थॉम्पसन. चांगले कपडे घालून तो रस्त्यात एखाद्या सद्गृहस्थाशी जुनी ओळख असल्यासारखा बोलायला लागे. मग विचारी, माझ्यावर विश्वास टाकून उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे द्याल का? लोक देत, आणि हा घड्याळासकट पसार होई. 1849 साली तो पकडला गेला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ हे नाव दिलं. अनुवादात ‘ठग’ हा शब्द त्याच्यासाठी राखून ठेवावा.