पटींचं राहू द्या, आधी स्टँड दाखवा

(नवी पेठेत चष्म्याचं दुकान चालवणारे आणि रात्री गच्चीवर दुर्बीण लावून बसणारे आमचे सदरलेखक या वेळी वाचकांच्या दुर्बिणींविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, तिला ग्रहताऱ्यांचं वेड आहे. ऑनलाइन एक दुर्बीण पाहिली. खोक्यावर ‘525 पट’ लिहिलंय. भिंग 60 मिमी, नाभीय अंतर 700 मिमी. घ्यावी का? – जुळे सोलापूर

उत्तर : 525 हा आकडा खोटा नाही, पण त्याचा उपयोग शून्य. हिशेब करून बघा. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (म्हणजे भिंगापासून चित्र जुळतं तिथपर्यंतच्या अंतराला) नेत्रिकेच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, नाभीय अंतरानं भागायचं. खोक्यात 4 मिमीची नेत्रिका असते, म्हणजे 700 भागिले 4, झाले 175. सोबत बार्लो, म्हणजे पटी तिप्पट करणारं जोडभिंग, असते, ती मध्ये बसवली की 525. भिंग जितक्या मिलिमीटरचं, साधारण त्याच्या दुप्पट पटींपर्यंत चित्र टिकतं, आणि तेही हवा शांत असली तर. म्हणजे 60 मिमीची मजल 120च्या आसपास संपली. त्यापुढे गुरू मोठा होतो, पण नुसता धुरकट गोळा.

अशा दुर्बिणी माझ्या दुकानात दुरुस्तीला येतात. “काका, काहीच दिसत नाही वो, काच खराब निघाली वाटतं.” काच बहुतेक वेळा ठीकच असते. मी आधी स्टँड उभं करतो आणि नळीला टिचकी मारतो. थरथर एक-दोन सेकंदांत थांबली पाहिजे. यांची नळी पत्र्याच्या काटकुळ्या पायांवर हलतच राहते. फोकसच्या चाकाला बोट लागलं की चंद्र नजरेबाहेर. त्यात 4 मिमीच्या नेत्रिकेचं भोक इतकं बारीक, की चष्मा लावणाऱ्याने डोळा ठेवायचा कुठे? पोर दोन रात्री खटपट करतं आणि तिसऱ्या दिवशी दुर्बीण माळ्यावर जाते.

म्हणून पैसे तोंडाच्या व्यासात आणि स्टँडमध्ये घाला. परवडत असेल तर 114 किंवा 130 मिमी आरशाची, टेबलावर ठेवायची डॉब्सोनियन, म्हणजे खोक्याच्या साध्या स्टँडवरची दुर्बीण, घ्या. 130 मिमीचा आरसा 60 मिमीच्या भिंगापेक्षा साडेचार पटींहून जास्त प्रकाश गोळा करतो. हे स्टँड ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते जॉन डॉब्सन 1944 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले. आपल्या रामकृष्ण परंपरेतलाच मठ तो. गाठीला पैसा नाही, म्हणून जहाजाच्या खिडकीच्या जाड काचा घासून आरसे, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि प्लायवूडचं खोकं असा त्यांचा मामला. पुढे रस्त्याच्या कडेला दुर्बीण मांडून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला शनी दाखवायचे. खोकं आडवं फिरतं, नळी वर-खाली होते, संपलं. आपल्याकडचा कुठलाही हुशार सुतार ते करून देईल. मात्र ज्या टेबलावर ठेवाल ते डुगडुगतं नको. दगडी ओटा सगळ्यांत बरा.

तेवढं बजेट नसेल तर 10×50ची (10 पट, 50 मिमी भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे दोन डोळ्यांनी बघायची दुर्बीण, घ्या. कोपरं कठड्यावर टेकवून बघितलं की कृत्तिका, मृगातला तेजोमेघ (वायू-धुळीचा चमकता ढग), चंद्रावरची विवरं, सगळं हाती येतं. आणि ती 60 मिमीची कुणी भेट म्हणून आधीच दिलेली असेल, तर टाकू नका. बार्लो आणि 4 मिमी डबीत बंद करा, 20 मिमीची नेत्रिका लावा. 35 पटींवर गुरूचे चार चंद्र आणि शनीची कडी दिसतात. 2025 मध्ये कडी आपल्याकडे कडेनं होती, त्यामुळे पार रेघ झाली होती. आता ती वर्षागणिक उघडत चालली आहेत.

प्रश्न : 130 मिमीची दुर्बीण विषुववृत्तीय स्टँडसह घेतली. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर चित्र सतत लवलवतं. शिवाय नळी फिरवताना खालचं वजन स्टँडच्या पायाला अडतं. – अक्कलकोट रोड

उत्तर : लवलवण्याचा दोष दुर्बिणीचा नाही, स्लॅबचा. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो आणि तुम्ही त्याच हवेतून बघता. गच्ची भिजवा असं काही पुस्तकं सांगतात. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या गावात मी ते सांगणार नाही. अंगणातल्या मातीवर मांडा, शेजारच्या पत्र्यांवरून बघणं टाळा, आणि नळी अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. पहाटे तीननंतर तर फरक लगेच जाणवेल.

वजन अडतं ते आपल्या अक्षांशामुळे. माहितीपत्रकातलं चित्र युरोपातलं असतं, तिथे ध्रुवतारा उंच. सोलापूरहून तो क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंशांवर. विषुववृत्तीय स्टँडचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा असतो, त्यामुळे तो जवळजवळ आडवा होतो आणि नळीचा तोल धरणाऱ्या वजनाचा दांडा सरळ पायांवर येतो. उत्तरेकडे एक पाय येण्याऐवजी दोन पायांमधली फट येईल असं स्टँड फिरवून बघा. काही स्टँडला ते जमत नाही. मग नळीच दुसऱ्या बाजूला घ्यायची. नुसतं बघायचं असेल तर ध्रुवताऱ्याच्या अचूकतेचा फार घोळ घालू नका. साठ-पासष्ट पटींवर ग्रह तीनेक मिनिटांत नजरेबाहेर सरकतो, हातानं थोडं ढकलत राहायचं.

प्रश्न : फोटोंत तेजोमेघ लाल-निळे असतात, मला राखाडीच दिसतात. दुर्बीण कमी पडते का? – बार्शी

उत्तर : नाही. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. कॅमेरा मिनिटन्‌मिनिटं प्रकाश साठवतो. थेट रोखून न बघता किंचित बाजूला नजर ठेवा, जास्त दिसेल. मोबाइल खिशात ठेवा. रंगच हवेत तर हंस तारकासमूहातला अल्बिरिओ हा जोडतारा बघा, एक पिवळसर आणि एक निळा, अगदी साध्या दुर्बिणीतून.

प्रश्न : दुर्बिणीबरोबर ‘सन’ लिहिलेली काळी काच आली आहे, नेत्रिकेला लावायची. – मोहोळ

उत्तर : हातोडी घ्या आणि फोडून टाका. दुर्बिणीनं गोळा केलेलं ऊन त्या काचेवर एकवटतं, ती कधीही तडकते आणि डोळा जातो. सूर्य बघायचा तर पुढचं तोंड पूर्ण झाकणारा खात्रीचा सौर फिल्टर हवा. नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीलाही टोपी घाला.

प्रश्न : शहराच्या उजेडाबाहेर कुठे जावं? – विजापूर रोड

उत्तर : बार्शी रस्त्यानं नान्नज-वडाळ्याकडचा माळ. मात्र माळढोक अभयारण्याच्या हद्दीत रात्री शिरायचं नाही; ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधावर बसा. शहराचा उजेड मागे, म्हणजे दक्षिणेला, राहतो, त्यामुळे उत्तरेचं आकाश सुरेख. दक्षिण बघायची तर उलटं करा, होटगीच्याही पुढे जा. मेअखेरीस रात्री नऊ-साडेनऊला दक्षिणेला पंचवीसेक अंशांवर नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ (ताऱ्यांचा दाट पुंजका) येतो. लंडनवाल्यांकडे तो उगवतच नाही. द्विनेत्रीतून पुसट ठिपका, 130 मिमीतून कडेचे तारे सुटे होऊ लागतात. सोबत पाणी, चटईची जाडजूड वळकटी आणि लाल कागद लावलेली बॅटरी घ्या. विंचवाकाट्याचा मुलूख आहे, चपला नकोत, बूट घाला.